न दुखणारी झीज

सॅन फ्रान्सिस्कोचे अस्थिशल्यविशारद स्कॉट डाय यांनी १९९८ मध्ये एक विलक्षण शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला प्रयोग त्यांनी स्वतःच्याच गुडघ्यांवर करवून घेतला होता. कातडीला आणि दुर्बीण आत शिरते त्या छिद्रांना तेवढी भूल दिली. सांध्याच्या आत मात्र काहीच नाही. मग सहकाऱ्याने दुर्बिणीतून पाहत आतला एकेक भाग सळईने दाबायचा आणि पूर्ण शुद्धीत असलेल्या डाय यांनी काय जाणवले ते सांगायचे. सांध्याच्या आतल्या अस्तराला आणि वाटीखालच्या चरबीला सळई लागली तेव्हा जीव कळवळला. वाटीच्या पाठीवरची कूर्चा दाबली तेव्हा काहीच कळले नाही. वेदना नाही, साधा स्पर्शही नाही.

‘गुडघ्यातली गादी झिजली’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. त्या गादीत लोक दोन गोष्टी एकत्र करतात : दोन हाडांच्या मध्ये असलेल्या चंद्रकोरीसारख्या चकत्या, म्हणजे मेनिस्कस, आणि हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत, पांढरा, दोन ते चार मिलिमीटर जाडीचा थर, म्हणजे सांध्याची कूर्चा. इथे बोलायचे आहे ते मुख्यतः या दुसरीबद्दल. तिची झीज म्हणजेच गुडघेदुखी असे आपण धरून चालतो, आणि ती स्वतः तर जन्मतः बधिर. दुसरीकडे, तिच्यावरची बारीकशी चीरसुद्धा गुडघ्याला हात न लावता दाखवू शकणारे एमआरआयचे यंत्र आज तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहे. जे कधी दुखलेच नाही ते दिसू लागले, तर आपल्याला नेमके काय कळले?

कूर्चेच्या या स्वभावाचा पहिला नीट अभ्यास १७४३ चा. लंडनमध्ये नुकतेच स्थिरावलेले तरुण शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी सांध्यांच्या कूर्चेची रचना आणि तिचे रोग यांवर रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला. रक्तवाहिन्यांत रंगीत द्रव भरून त्यांचा माग काढण्याचे तंत्र त्यांना अवगत होते. त्या वाहिन्या सांध्याच्या कडेपर्यंत येतात, कूर्चेच्या काठाशी वर्तुळ करतात आणि तिथूनच माघारी फिरतात, हे त्यांनी दाखवले. आत एकही शिरत नाही. हिपोक्रेटिसच्या काळापासून वैद्यांचे ज्यावर एकमत आहे तेही त्यांनी नोंदवून ठेवले : कूर्चा एकदा नष्ट झाली की ती पुन्हा भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षांत शल्यकर्म कुठल्या कुठे गेले. या विधानाला फाटे पुष्कळ फुटले, पण ते खोडून काढणे अजून जमलेले नाही.

रक्त नाही म्हणून जखम भरणे नाही, आणि मज्जातंतू नाहीत म्हणून जखम झाल्याचे कळणेही नाही. ही निसर्गाची चूक म्हणावी का? जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. त्या भाराखाली रक्तवाहिन्या चेंगरल्या असत्या आणि मज्जातंतू असते तर पाऊलही उचलवले नसते. बधिरपणा आणि न भरून येणे ही त्या गुळगुळीतपणाची किंमत आहे. सुश्रुताने शारीरस्थानात सांध्यांतल्या श्लेष्म्याबद्दल बोलताना गाडीच्या आसाचा दाखला दिला आहे : आसाला वंगण असेल तर चाक जसे सहज फिरते, तसे श्लेष्म्यामुळे सांधे चालतात. दाखला मार्मिक आहे, आणि आजच्या विज्ञानाने त्यात भर घातली आहे ती अशी, की या सांध्यात वंगण बाहेरून घालावे लागत नाही. ते चाकाच्या अंगातच भरलेले असते.

कूर्चेच्या वजनात सुमारे सत्तर ते ऐंशी टक्के पाणी असते. उरलेल्यात मुख्य भाग कोलॅजनच्या तंतूंचा आणि त्या तंतूंत अडकून बसलेल्या प्रोटिओग्लायकन नावाच्या प्रचंड रेणूंचा. पेशी अगदी थोड्या, विरळ विखुरलेल्या. प्रोटिओग्लायकनच्या शाखांवर ऋण विद्युत्भार असतो. तो सोडियमचे धन आयन ओढून घेतो, त्यांच्यामागे पाणी येते आणि कूर्चा फुगू पाहते. कोलॅजनचे जाळे तिला फुगू देत नाही. या ताणातून तिला तिचा कणखरपणा मिळतो. पाऊल पडले की पहिल्या क्षणी भाराचा बहुतेक वाटा ते कोंडलेले पाणी उचलते. मग दाबाने ते हळूहळू झिरपते आणि भार हटला की परत येते. या झिरपण्यातूनच कूर्चेला अन्न मिळते, कारण रक्त तिच्याकडे येतच नाही. म्हणून चालणे हे तिच्यावर संकट नसून तिचे पोषण आहे. मणक्याच्या इजेनंतर पाय लुळे पडलेल्यांच्या गुडघ्यांतली कूर्चा पातळ होत जाते, हे पुढे एमआरआयनेच दाखवले. न वापरल्यानेही ती जाते, हा ‘झीज’ या कल्पनेला बसलेला पहिला धक्का.

पाण्याने बनलेली ही वस्तू क्ष-किरणांना दिसत नाही. १८९५ मध्ये राँटगेन यांनी माणसाचे हाड जिवंतपणी दाखवले, पण पुढची आठ-नऊ दशके कूर्चा ही हाडांमधली काळी फट म्हणूनच डॉक्टरांना माहीत होती. फट अरुंद झाली की कूर्चा गेली असे समजायचे. ‘गॅप कमी झालाय’ हे आजही ऐकू येणारे वाक्य त्या काळाचे अपत्य आहे. जे नाहीसे झाले त्यावरून जे होते त्याचा अंदाज बांधायचा, अशी ती रीत.

पाण्याला बोलते करण्याची विद्या वैद्यकातून आलीच नाही. १९४५च्या डिसेंबरात हार्वर्डला एडवर्ड पर्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेणाच्या ठोकळ्यातले, आणि काही आठवड्यांनी स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉक यांच्या गटाने पाण्यातले, हायड्रोजनचे अणुगर्भ चुंबकीय क्षेत्रात रेडिओलहरींना प्रतिसाद देतात हे पकडले. दोघांना १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. नोबेल व्याख्यानात पर्सेल यांनी त्या हिवाळ्याची आठवण सांगितली आहे : प्रयोगानंतर दाराशी साचलेले बर्फ त्यांना वेगळे दिसू लागले, कारण त्या ढिगाऱ्यातला प्रत्येक प्रोटॉन पृथ्वीच्या चुंबकत्वात हळूहळू गिरक्या घेत आहे हे आता त्यांना ठाऊक होते. एका माणसाच्या नजरेत झालेला हा बदल पुढे वैद्यकाच्या नजरेत व्हायचा होता.

तो झाला १९७३ मध्ये. पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्र मुद्दाम एका बाजूला किंचित जास्त, दुसऱ्या बाजूला किंचित कमी ठेवले. त्यामुळे प्रोटॉन कुठे आहे हे त्याच्या गिरकीच्या वेगावरून ओळखता येऊ लागले. त्यांच्या पहिल्या चित्रात होते काय? साध्या पाण्याच्या दोन बारीक नळ्या, जड पाण्यात उभ्या केलेल्या. ‘नेचर’ने तो निबंध आधी नाकारला आणि मग छापला. याच कामासाठी २००३ चे नोबेल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना मिळाले. ऊतींमधल्या पाण्याचा प्रतिसाद आजारात बदलतो हे १९७१ मध्ये दाखवणारे रेमंड डमाडियन वगळले गेले आणि वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन त्यांनी त्याचा जाहीर निषेध केला. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : एमआरआयचे पहिले चित्र पाण्याचे होते, आणि कूर्चा ही शरीरातली बांधून ठेवलेल्या पाण्याची वस्तू आहे. यंत्र आणि ऊती जणू एकमेकांसाठीच थांबले होते.

यंत्राचे ऐकणे मात्र फार नाजूक आहे. दीड टेस्लाच्या नेहमीच्या यंत्रात पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजारपट क्षेत्र असते. तरीही शरीरातले प्रोटॉन जवळजवळ निम्मे एका दिशेला आणि निम्मे उलट दिशेला राहतात. एका बाजूचे आधिक्य दर दहा लाखांमागे पाचांच्या आसपास. सारे चित्र या पाचांच्या जिवावर उभे राहते. हे प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६.४ कोटी गिरक्या घेतात, रेडिओच्या एफएम पट्ट्याच्या जरा खालच्या कंपनसंख्येला. त्याच कंपनसंख्येची लहर सोडून त्यांना ढकलायचे आणि ते पूर्वस्थितीला येताना जो क्षीण संकेत देतात तो टिपायचा. मोकळे पाणी आपला ताल बराच वेळ धरून ठेवते. तंतूंच्या जाळ्यात अडकलेले पाणी तो मिलिसेकंदांत गमावते. म्हणून चरबीचा संकेत दाबून काढलेल्या चित्रात सांध्यातला द्रव लख्ख पांढरा दिसतो, कूर्चा करडी, हाड काळपट. करड्या पट्टीत पांढरी रेघ शिरलेली दिसली की तिथे चीर पडून द्रव आत गेला आहे. एका अर्थी नुकसान दिसते ते नुकसानीत शिरलेल्या पाण्यामुळे.

इथून पुढे वाचणाऱ्याची कसोटी लागते. गुडघ्याच्या नेहमीच्या तपासणीत एकेक काप सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा असतो, आणि कापाच्या आत चित्रातला एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. तीन मिलिमीटर जाडीची कूर्चा म्हणजे जेमतेम सहा-सात ठिपके. नुकसानीची प्रतवारी आजही ज्या परंपरेतून येते ती कॅनडाचे शल्यविशारद आउटरब्रिज यांनी १९६१ मध्ये, शस्त्रक्रियेत उघडलेल्या गुडघ्यांतल्या वाट्या पाहून मांडली. पहिली पायरी कूर्चा मऊ पडण्याची, मधल्या दोन तडे जाण्याच्या, चौथी हाड उघडे पडण्याची. त्यातली पहिली पायरी ही डोळ्यांची बाबच नव्हे, ती हातांची आहे. सळईने दाबल्यावर कूर्चा किती आत जाते हे शल्यविशारदाच्या बोटांना कळते. नेहमीच्या चित्राला ते फारसे कळत नाही. चौथी पायरी एमआरआय विश्वासाने सांगतो, तिसरीही बऱ्यापैकी. खालच्या दोन पायऱ्यांवर एकाच चित्राबद्दल दोन जाणत्यांचे मत वेगळे पडू शकते. अहवालातला ‘ग्रेड टू’ हा शब्द वाटतो तितका टणक नाही.

आणि यंत्र कधी कधी निरोगी कूर्चेलाही आजारी ठरवते. १९२५ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ बेनिंगहॉफ यांनी दाखवले, की कोलॅजनचे तंतू हाडाकडून सरळ वर येतात, कमानीसारखे वळतात आणि पृष्ठभागाशी आडवे होतात. असे तंतू चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांच्या कोनात आले, की त्यांत अडकलेल्या पाण्याचा संकेत उगाचच वाढतो आणि ती जागा उजळ दिसते. मांडीच्या हाडाचे टोक गोलाकार. त्यावर कुठे ना कुठे तो कोन जमणारच. म्हणजे दोष कूर्चेत नसून ती आणि चुंबक यांच्या परस्परस्थितीत आहे. पाहणाऱ्याची जागा दृश्यात मिसळते हे तत्त्वज्ञांनी पुष्कळ सांगितले. इथे ते अंशांत मोजता येते.

संशोधक याच्याही पलीकडे गेले. तडा जाण्याच्या आधी प्रोटिओग्लायकन विरळ होत जातात, मग तडा पडण्यापूर्वीच तो बदल मोजता येईल का? १९९०च्या दशकात बोस्टनला डेबोरा बर्स्टीन आणि मार्था ग्रे यांच्या गटाने एक सुंदर युक्ती काढली. ऋण भार असलेले गॅडोलिनियमचे द्रव्य शिरेतून द्यायचे, थोडे चालायला लावायचे आणि तासाभराहून अधिक थांबायचे. निरोगी कूर्चेचा ऋण भार त्याला दूर ठेवतो. जिथे तो भार उरला नाही तिथे ते बिनदिक्कत शिरते. परक्याच्या शिरकावावरून आतली गळती मोजायची. कोणी पाण्याच्या तालाचे नकाशे काढले, कोणी थेट सोडियमचाच संकेत पकडू पाहिला. हेतू एकच : मोडण्याआधी पाहणे. पण आधी पाहून पुढे काय करायचे? झीज थांबवणारे खात्रीचे औषध अजून हाती नाही. जाणण्याची विद्या उपायाच्या कितीतरी पुढे निघून गेली आहे.

मग २०१२ मध्ये एक अभ्यास आला, ज्याने साऱ्या प्रश्नाची बाजूच बदलली. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या आणि क्ष-किरण चित्रात गुडघ्याच्या संधिवाताची खूण नसलेल्या ७१० माणसांचे एमआरआय काढले गेले. ८९ टक्क्यांच्या गुडघ्यात काही ना काही बिघाड दिसला. कूर्चेचे नुकसान ६९ टक्क्यांत. ज्यांचा गुडघा दुखत होता आणि ज्यांचा दुखत नव्हता त्यांच्या आकड्यांत फरक अगदी थोडा. त्याआधी २००८ मध्ये त्याच गावातल्या पाहणीत, मेनिस्कस फाटलेल्या माणसांपैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्यात गुडघ्यात वेदना, ठणका किंवा आखडलेपणा यांतले काहीच जाणवलेले नव्हते. साठीतल्या माणसाच्या गुडघ्याचे चित्र काढले आणि त्यात काही सापडले, तर आश्चर्य कशाचे वाटावे? न सापडण्याचेच.

दुखते ते मग काय? कूर्चेखालचे हाड, सांध्याचे अस्तर, भोवतालचे आवरण. ज्यांना मज्जातंतू आहेत ते सारे. संधिवात बळावतो तेव्हा हाड आणि कूर्चा यांच्यामधली सीमा भंगते आणि हंटर यांनी काठाशीच थांबलेल्या पाहिल्या तशा रक्तवाहिन्या, मज्जातंतूंना बरोबर घेऊन, पलीकडे घुसू लागतात. कूर्चेला तेव्हा कुठे संवेदना मिळते, आणि ती मिळणे हेच तिच्या ऱ्हासाचे लक्षण असते. चित्रातही वेदनेशी अधिक नाते दिसते ते हाडातल्या सुजेसारख्या उजळ डागांचे आणि सुजलेल्या अस्तराचे. अहवालात मात्र कूर्चेची पायरी ठळक असते आणि रोगी घरी घेऊन जातो तो तोच आकडा.

आकडा घरी आला की तो काम करू लागतो. जो माणूस काल जिना चढत होता तो आज कठड्याला धरतो. चालणे बंद होते, मांडीचे स्नायू सुटतात आणि सांधा खरोखरच दुबळा होतो. दिसले की काही तरी करावेसे वाटते, ही ओढ फक्त रोग्याचीच असते असेही नाही. ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रूस मोझली यांनी संधिवाताच्या १८० रोग्यांवर केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींच्या गुडघ्यात दुर्बिणीतून साफसफाई केली, काहींचा गुडघा नुसता धुतला, आणि काहींच्या कातडीवर फक्त छेद घेऊन टाके घातले. दोन वर्षे पाठपुरावा केल्यावर खऱ्या शस्त्रक्रिया लुटूपुटूच्या शस्त्रक्रियेहून सरस ठरल्या नाहीत. डोळ्यांना खडबडीत दिसणारे गुळगुळीत केल्याने माणसाचे दुखणे गुळगुळीत होत नाही, एवढा धडा त्यातून मिळाला.

याचा अर्थ चित्र निरुपयोगी, असा नव्हे. खेळताना गुडघा मुरगळून सुजला, मधेच अडकू लागला, तरुण वयात कूर्चेचा एखादा तुकडा निखळला, तर एमआरआयला पर्याय नाही. स्वीडनच्या गटाने १९९४ मध्ये रोग्याच्याच कूर्चेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून खड्ड्यात परत रुजवल्याचे जाहीर केले. तशा उपचारांत खड्डा कुठे, केवढा, खालचे हाड कसे आणि भरलेली जागा पुढे कशी राहिली, हे चित्रच सांगते. जिथे प्रश्न नेमका आहे तिथे उत्तरही नेमके मिळते. ‘माझ्या गुडघ्यात काय आहे’ एवढ्याच मोघम प्रश्नाला मात्र यंत्र भलतेच लांबलचक उत्तर देते.

त्या लांबलचक उत्तरात काय असते हे डॅनिश संशोधक कात्या हाइनमायर यांच्या २०१६ च्या कामाने मला अधिक उमगले. १९५०-६० च्या दशकांत वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट केला आणि १९६३ च्या करारानंतर तो उतरत गेला. त्या कार्बनवरून शरीरातल्या कुठल्याही ऊतीचे वय काढता येते. कूर्चेतल्या कोलॅजनमध्ये त्यांना सापडला तो ज्याच्या-त्याच्या वाढीच्या वर्षांतला कार्बन. प्रौढपणी नवे कोलॅजन जवळजवळ बनतच नाही. निरोगी सांध्यात नाही आणि आजारी सांध्यातही नाही. रक्त, कातडी, अगदी हाडसुद्धा आयुष्यभर नवे होत राहते. कूर्चेची चौकट आपल्याला शाळकरी वयात एकदाच मिळते आणि तिच्यावरच सत्तरी गाठायची असते. तेव्हा एमआरआयमध्ये आपण ज्याला बिघाड म्हणतो त्यातले पुष्कळसे हे वापरलेल्या आयुष्याचे हिशेब आहेत. त्या साऱ्याला रोग म्हटले तर जगणे हाच रोग ठरेल.

म्हणून क्रम महत्त्वाचा वाटतो. मांडी घालून जेवायला बसता येते का, उकिडवे बसून उठता येते का, रात्री दुखण्याने जाग येते का, उतारावर गुडघा दगा देतो का, हे प्रश्न चित्राला विचारून चालत नाहीत. आणि उपचार ठरतात ते बरेचसे याच उत्तरांवरून. मांडीचे स्नायू बळकट करणे, वजन उतरवणे, चालत राहणे हा सल्ला अहवालातली पायरी दुसरी असली काय आणि तिसरी असली काय, फारसा बदलत नाही. झीज कुठे आणि किती हे यंत्राने सांगावे. त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. दुखणे कशाला म्हणायचे ते ज्याचा गुडघा त्याने सांगायचे. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत, पण कूर्चेला स्वतःचा आवाज नाही हे माहीत असलेल्या वैद्याने आधी माणसाचे ऐकून घ्यावे आणि चित्र त्यानंतर उजेडावर धरावे.